सांत्वनखात्याचे मंत्री

“मी काही बसत नाही,” असं म्हणून ते बसायचे.

आधी कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवायचे. मग सायकलच्या क्लिपा पँटच्या पायांवरून सोडवून चहाच्या बशीत ठेवायचे. मग दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून पुन्हा बजावायचे, “खरंच, आज मी बसणार नाहीये.” हे दुसऱ्यांदा ऐकलं की मी पोह्यांसाठी कांदा चिरायला घ्यायची. दीड तासाची निश्चिंती असे.

घंटा वाजवण्याचीही त्यांची एक रीत होती. घंटा वाजवायची आणि तीन पावलं मागे जाऊन उभं राहायचं. दार उघडणाऱ्याला कुणी अंगावर आल्यासारखं वाटू नये म्हणून. आमच्या दारापुढची फरसबंदी दोनच पावलांची, तिसरं पाऊल डेलियाच्या वाफ्यात. तीन शरद ऋतू ते माझ्या डेलियांत उभे राहिले आणि तिन्ही वर्षं वाफ्याकडे बघून हळहळले, “यंदा जरा खुरटलेच, नाही?” तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याला त्रास नको म्हणून ती इतकी मागे सरकतात, की काहीतरी तुडवतातच.

आमचं गाव स्कॉटलंडमध्ये, टे नदीच्या काठावर, डंडीहून बसनं वीस मिनिटांवर. नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझे यजमान डंडीच्या इस्पितळात कानाचे डॉक्टर होते, मी तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. दोघंही निवृत्त झालो, आता पुस्तकं वाचू आणि फिरू असं ठरवलं, आणि मार्च महिन्यात हे गेले. पुस्तकं वाचायची राहिली. मी तीच ती पानं उलटत बसायची.

गावात चर्चं दोन. एक मोठं, सगळ्या गावाचं. दुसरं छोटं, एपिस्कोपल पंथाचं. त्याला गाव अजूनही ‘इंग्लिश चर्च’ म्हणून नाक मुरडायचं, जरी त्यात शेवटचा इंग्रज कधी आला होता हे कुणालाच आठवत नव्हतं. तिथल्या रेक्टरबाईंच्या, म्हणजे मुख्य धर्मगुरूंच्या, पदरात तीन गावं. सगळ्यांकडे जाणं त्यांना जमेना, म्हणून आजारी, एकट्या, दुःखी माणसांची विचारपूस करायला सप्टेंबरात एक बिनपगारी माणूस नेमला. हुद्दा होता पास्टोरल केअर मिनिस्टर.

माझी मुलगी नॉटिंगहॅमला असते. तिचा जन्म इथलाच. फोनवर म्हणाली, “आई, मिनिस्टर म्हणजे मंत्री ना? कसला मंत्री आलं होतं घरी?”

“सांत्वनखात्याचे,” मी म्हटलं. मार्चनंतर मी केलेला तो पहिला विनोद. तो तिच्या लक्षात आला नाही, पण मी त्यांना मनातल्या मनात तेव्हापासून तेच म्हणत आले.

मंत्री येणार म्हटलं की आपल्याकडे रस्ते धुतात. आमचे मंत्री आले ते पावसात, सायकलवरून, एका पायात काळा आणि एका पायात निळा मोजा घालून. उजव्या कानात ऐकण्याचं यंत्र होतं. ते ह्यांच्या दवाखान्यातून मिळालेलं.

“डॉक्टर के यांनी मला कान दिला,” ते म्हणाले. “त्या कानानं निदान त्यांच्या घरचं ऐकायला यायला नको?”

“पण आम्ही हिंदू आहोत,” मी म्हटलं. सांगितलेलं बरं.

“हरकत नाही. छत्री विसरलेल्याला आम्ही कधी धर्म विचारला नाही.”

याचा उलगडा नंतर झाला. तीस वर्षं ते डंडीच्या एका बस कंपनीत, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत नोकरीला होते. छत्र्या, हातमोजे, कवळ्या, एकदा एक ट्रॉम्बोन. प्रत्येक वस्तूला दोऱ्याचं तपकिरी लेबल बांधायचं आणि मालकाची वाट बघायची, हे त्यांचं काम. निवृत्त होताना साहेबांनी काय हवं म्हणून विचारलं, तर यांनी उरलेली लेबलं मागून घेतली. दोन पोती निघाली. चर्चचं काम मिळाल्यावर त्यांना वाटलं, काम तेच आहे.

त्यातलंच एक लेबल त्यांनी त्या दिवशी माझ्यासमोर काढलं. त्यावर छापलेलं होतं: वस्तू, रंग, खूण, शेवटी कुठे पाहिली.

“रंग?” त्यांनी सवयीनं विचारलं आणि कानापर्यंत लाल झाले. “माफ करा, मिसेस के. हात आपोआप तिथे जातो.”

“गव्हाळ,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. “खूण?”

“डाव्या कानाच्या पाळीवर तीळ.”

“शेवटी कुठे पाहिलं?”

“स्वयंपाकघराच्या दारात. चष्मा शोधत होते.”

“सापडला?”

“डोक्यावरच होता.”

तेही लिहिलं. तोवर पाच-सहा महिन्यांत लोक मला वेळ, देव आणि हवापालट यांविषयी पुष्कळ सांगून गेले होते. तीळ कुठे होता हे कुणी विचारलं नव्हतं.

आमचं आडनाव कुरुंदवाडकर. त्या गावात ते कुणी शेवटपर्यंत नेलं नाही, म्हणून ‘के’. आणि ह्यांचं पहिलं नाव तर कुणाला ठाऊकच नव्हतं. लेबलावर ‘वस्तू’पुढची जागा रिकामी होती. त्यांनी विचारलं, “तुम्ही काय म्हणायचात त्यांना? घरात?”

“अहो.”

ऐकताना ते तळवा कानाशी न्यायचे, आणि तळवा जवळ आला की यंत्र शिट्टी घालायचं. जितकं लक्ष देऊन ऐकावं तितकी शिट्टी मोठी.

“आहो?”

“अहो.”

त्यांनी मोठ्या अक्षरांत ‘आहो’ लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मी खोटं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं काय म्हणायचात, मी म्हणायचे ते सांगितलं. पण पुढच्या बुधवारी औषधांच्या दुकानात एल्स्पेथ भेटली. ही शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, शहाऐंशी वर्षांची, चर्चच्या शेवटच्या बाकावर बसणारी बाई. ह्यांची पंधरा वर्षांची पेशंट आणि पंधरा वर्षांत ह्यांचा एकही सल्ला न मानलेली. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “रविवारी आम्ही तुझ्या आहोसाठी प्रार्थना केली. बिचारा आहो!”

त्यानंतर दर रविवारी केली. चर्चच्या बायकांचं कार्ड आलं, त्यावर सुकलेलं मेपलचं पान आणि ‘आहोच्या आठवणीत’. पोस्टातला माणूस म्हणाला, “आहो फार सभ्य गृहस्थ होते.” आणि मी मान डोलावली. चूक दुरुस्त करायची म्हणजे त्या जागी बरोबर काय ते सांगायला हवं होतं.

मी काही जुन्या वळणाची नाही. नावं लिहिणं आणि ती अकारविल्हे लावणं यात माझी हयात गेली. पण ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, त्यानंतर कधी गरजच पडली नाही. घरात अहो, बाहेर ‘माय हजबंड’. मृत्यूची नोंद करायला गेले तेव्हा समोरच्या मुलीनं पहिलं नाव विचारलं, मी ह्यांचा पासपोर्ट पुढे सरकवला. ते नाव घेणारी माणसं म्हणजे सासूबाई, दोन दीर, इचलकरंजीचे एक शाळासोबती. एकेक करून सगळे गेले. मुलगी बाबा म्हणते. म्हणजे आता ते नाव तोंडानं घेऊ शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्याची जीभ तिकडे वळत नव्हती.

सप्टेंबर संपताना हार्वेस्ट आलं. हा इथला सुगीचा सण. पूर्वी लोक चर्चला धान्य आणत, आता दुकानातले हवाबंद डबे आणतात. सांत्वनमंत्र्यांनी प्रत्येक डब्याला रबरबँडनं लेबल लावून त्यावर देणाऱ्याचं नाव लिहिलं आणि डबे तळघरात नेऊन ठेवले. आठवडाभर पाऊस पडला, तळघरात पाणी शिरलं, आणि डब्यांवरचे कंपनीचे कागद सुटून तरंगू लागले. लेबलं मात्र शाबूत. डबा मिसेस अमुक यांचा, आत काय ते देव जाणे.

“कुणाचं आहे हे तर कळतंय ना?” ते म्हणाले. “काय आहे हे कळलंच पाहिजे असं कुठे आहे?”

असे डबे दुसऱ्यांना कसे द्यायचे? म्हणून हार्वेस्टच्या जेवणाला तेच फोडले. जेवणाआधी ‘जे काही मिळणार आहे त्याबद्दल आभार’ मानायची पद्धत आहे. त्या दिवशी ते आभार पहिल्यांदाच अक्षरशः खरे होते. आमच्या टेबलावर पीच, सार्डिन मासे आणि माझे काबुली चणे एका ताटलीत आले. एल्स्पेथनं सगळं संपवलं आणि म्हणाली, “शाळेत मी याहून वाईट वाढलंय.”

ऑक्टोबरात त्यांनी शोकाकुलांसाठी पानगळ बघायची सहल काढली. आम्ही नऊ विधवा आणि दोन विधुर. कुणी हरवू नये म्हणून प्रत्येकाच्या कोटाला लेबल बांधलं: ‘सापडल्यास एपिस्कोपल चर्चला परत करावे’. स्वतःला बांधायला ते विसरले. तासाभरानं आम्ही अकराजण एका रोपवाटिकेच्या उपाहारगृहात स्कोन नावाचे गोडसर पाव खात होतो आणि ते जंगलात आम्हांला शोधत होते. शेवटी कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईनं त्यांना आणून पोचवलं. ते चिखलानं माखलेले होते आणि अतिशय खूश होते. “सगळे सापडले!” ते म्हणाले. त्या दिवशी मी हसले. चहा नाकात जाईपर्यंत हसले, आणि मग घरी येऊन बराच वेळ कोट अंगावरच ठेवून बसले. हे सगळं सांगायला घरात कुणाला हाक मारायची?

त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं की नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, मृतांच्या स्मरणाच्या प्रार्थनेला, आहोचं नाव वाचायचं आहे आणि मग चर्चच्या जाड पुस्तकात शाईनं चढवायचं आहे. एकदा त्या पुस्तकात गेलं की दर नोव्हेंबरला, चर्च उभं असेतो, तेच वाचलं जाणार.

मी मुलीला फोन केला.

“आई, धिस इज रिडिक्युलस. शंभर वर्षं ते लोक बाबाला अहो म्हणणार? तू सरळ बाबाचा नाव सांग ना. किती सिंपल गोष्ट आहे हा!”

“तूच सांगतेस का त्यांना फोन करून?”

मग ती म्हणाली, “मी पण कधी म्हटलं नाही गं ते. विचित्र वाटते.”

हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये म्हातारी मंडळी सलगम कोरायला बसली. इथे भोपळे आले ते अलीकडे, जुनी माणसं अजून सलगमाचेच कंदील करतात. सलगम नारळाएवढे आणि नारळाइतकेच टणक. सहा चमचे वाकले होते आणि एक निवृत्त सुतार ड्रिल आणायला घरी गेला होता. मी सांत्वनमंत्र्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“एक सांगायचं होतं. आहो हे नाव नाही.”

तळवा कानाशी गेला. शिट्टी. “नाही?”

“नाव घ्यायचं नसतं तेव्हा म्हणतात ते. म्हणजे... ‘ऐकलंत का’. असं काहीसं.”

ते हातातल्या सलगमाकडे बघत राहिले. त्याला आतापर्यंत एकच डोळा झाला होता.

“म्हणजे आठ आठवडे आम्ही सगळे उभे राहून देवाला ‘ऐकलंत का, ऐकलंत का’ म्हणतोय?”

“हो.”

“मग ठीक आहे,” त्यांनी सुस्कारा सोडला. “बाकीच्या प्रार्थनाही तेवढ्याच असतात.”

मी पर्समधून त्यांचंच एक लेबल काढलं. त्यावर ह्यांचं खरं नाव सुवाच्य अक्षरांत लिहून आणलं होतं. ते पुढे सरकवलं. त्यांनी न वाचता ते उपडं केलं आणि परत माझ्याकडे सरकवलं.

“असं नाही चालायचं, मिसेस के. तीस वर्षांत मी एकही वस्तू चिठ्ठीवर दिली नाही. ज्याची वस्तू त्यानं समोर उभं राहून तोंडानं सांगायचं. मग मी देणार.”

“आणि नाही सांगता आलं तर?”

“तर वस्तू फळीवर राहते. मी काही फेकून देत नाही.” मग सलगमाच्या दुसऱ्या डोळ्याला लागत म्हणाले, “रविवारी तुमच्यापाशी आलो की मी थांबेन. बोललात तर ते पुस्तकात जाईल. नाही बोललात तर आहो वाचेन. तो माझ्याकडे जमा आहेच.”

रविवारी दुपारी चारलाच अंधारून आलं होतं. खिडक्यांत आमचे वाकडे कंदील पेटवले होते आणि चर्चभर करपलेल्या सलगमाचा वास भरला होता. चाळीसेक माणसं असतील, सगळी कोट घालून. ते एकेक नाव वाचत आणि एकेक मेणबत्ती लावत. चौदाव्या मेणबत्तीशी थांबले. काडी पेटवली नाही. माझ्याकडे पाहिलं, तळवा कानाशी नेला आणि वाट बघत उभे राहिले. सगळ्या शांततेत ती बारीक शिट्टी तेवढी वाजत होती.

मी उठले आणि नाव घेतलं. तीस वर्षं ग्रंथालयात वापरलेल्या आवाजात.

“काय म्हणाली?” शेवटच्या बाकावरून एल्स्पेथ.

“जरा मोठ्यानं, मिसेस के,” ते म्हणाले.

मी पुन्हा घेतलं.

“व्हिन्सेंट,” कुणीतरी शेजाऱ्याला समजावून सांगितलं.

“डॉक्टर व्हिन्सेंट?” शेजारी म्हणाला. “तो तर दातांचा!”

माझ्या लक्षात आलं. तिथले निम्म्याहून अधिक कान ह्यांनी तपासलेले होते. त्यांतला मळ काढला, पडदे शिवले, यंत्रं दिली, बजावून बजावून घसा कोरडा केला, आणि त्यांतल्या एकालाही ह्यांचं नाव धड ऐकू येत नव्हतं. मला राग आला. मार्चपासून मला रडू आलं होतं, झोप आली नव्हती, भूक गेली होती. राग हा पहिल्यांदाच. त्या रागात मी ह्यांचं नाव असं ओरडून घेतलं, की खिडकीतल्या एका कंदिलाचं झाकण खाली पडलं.

“आता आलं,” एल्स्पेथ म्हणाली. “छान नाव आहे की. आधी का नाही सांगितलंस?”

सांत्वनमंत्र्यांनी काडी पेटवली. मेणबत्ती लावली. आणि बस कंपनीच्या खिडकीपलीकडच्या माणसाला छत्री देताना म्हणत असतील तसं म्हणाले, “बरोबर. तुमचंच आहे.”

पुस्तकात मी माझ्या हातानं लिहिलं. त्याखाली त्यांनी हट्टानं आणखी एक ओळ घातली: ‘घरी आहो म्हणत’. माझी तक्रार त्यांनी ऐकून घेतली नाही. “आठ आठवड्यांच्या प्रार्थना त्या पत्त्यावर गेल्यात. पत्ता बदलला तरी जुन्या पत्त्यावरची पत्रं पोचायला नकोत?”

पुढची दोन वर्षं ते येत राहिले. बसत नाही म्हणत राहिले, पोहे खात राहिले. ह्यांचं नाव ते आता नीट घ्यायचे. ‘त’ तेवढा टणक व्हायचा. कधी कधी मी मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायची. ते मोठ्यानं घ्यायचे.

तिसऱ्या ऑक्टोबरात एका सकाळी त्यांची सायकल चर्चच्या भिंतीला टेकलेली दिसली. ते आत पहिल्या बाकावर होते, मांडीवर नोव्हेंबरची लेबलं घेऊन. “नुसते बसल्यासारखे बसले होते,” रेक्टरबाई म्हणाल्या. सांत्वनमंत्र्यांनी लग्न केलेलं नव्हतं. एक बहीण कॅनडात, अंत्यविधीला यायचा प्रवास तिला झेपण्यासारखा नव्हता. पुढे होऊन ‘हा माणूस माझा’ म्हणेल असं कुणी आलं नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ह्यांचंही नाही. नावं लिहून ठेवायचं काम मी खूप केलं. ही दोन तोंडानं घ्यायची आहेत.

त्या नोव्हेंबरात रेक्टरबाईंनी यादी वाचली. आवाज त्यांचा मुळातच नाजूक. सांत्वनमंत्र्यांचं नाव शेवटी आलं आणि पहिल्या बाकापाशीच विरलं.

“कोण? कुणाचं म्हणाली?” एल्स्पेथ.

रेक्टरबाईंनी तेवढ्याच हळू पुन्हा वाचलं. कानाशी तळवा नेऊन थांबायला आता समोर कुणी नव्हतं. मी उठले आणि त्यांचं नाव घेतलं. आडनावासकट, पूर्ण, एकदाच. ते मागच्या भिंतीवर आपटून परत आलं.

“आलं, आलं,” एल्स्पेथ म्हणाली. “बस आता खाली.”

“मी काही बसत नाही,” मी म्हटलं, आणि बसले.